भांडी-खोली, फैजपूर

भाषा तयार होती. चालतही होती.
केळीच्या बागेत, खोक्यात बसलेल्या चिपवर
जमिनीची ओल मोजायची, मोटर थांबवायची.
आता आम्हा तिघांना ठरवायचं होतं एवढंच :
तिच्यासोबत घरचं म्हणून काय द्यायचं
आणि काय ज्यानं त्यानं आपापलं आणायचं.

लीलाधर फेगडेची यादी एकशे बारा कलमांची.
तारखा, नकाशे, ईमेल, चित्रं लहान करणं,
वर पंचांग.
यावलहून एसटीनं येणारी मुबीना तडवी
त्याची यादी वाचत गेली, खोडत गेली.
"एवढं सांभाळणार कोण? तू?
तुझं तर लग्न ठरलंय."

पंचांगावर तासभर गेला.
एकादशी कधी कधी दोन असतात.
दोन्ही बरोबर असतात.
मुबीना म्हणाली, ज्याची दोन उत्तरं बरोबर
ते आपण कशाला द्यायचं? ज्याचं त्यानं पाळावं.

मग 'क्षितिज' आलं.
या शब्दाची लांबी किती?
कॉलेजच्या पोरांनी आपापली लिहून आणली होती :
एकाची तीन, एकाची सात, एकाची एकवीस.
हे मात्र द्यावंच लागेल, मी म्हटलं,
नाहीतर जो तो आपली वेलांटी वेगळी तोडेल.

सेहेचाळीस अंश. लाइट गेली.
यादी घेऊन मी खाली उतरले,
समाजाच्या भांडी-खोलीत. तिथं फरशी गार असते.

तुळशीराम बोंडे वही घेऊन बसलेले.
पातेली, घमेली, झारे, भरताच्या चार बडग्या,
हरेकावर ठोकून घातलेलं नाव.
कोपऱ्यात पेट्रोमॅक्सच्या चौदा बत्त्या.
"या कोण नेतं, काका?"
"कोन्ही नाही वं. सव्वीस साल झाले."
"मग काढून का नाही टाकत?"
"नाव हाये ना त्याच्यावर.
इथं घेतलं का निंघत नाही.
म्हनून घ्यायच्या टायमालेच भांडन करून घ्यायचं."

मी विचारलं, काय काय नाही घेतलं?
ते हसले. आइस्क्रीमचं मशीन, म्हणाले.
देणारा रुसला, दोन वर्षं बोलला नाही.
आणि मीठ-मसाला कधीच नाही :
भांडं गावाचं, चव ज्याची त्याची.
एवढं मोठं पातेलं कोणी घरी ठेवत नाही
आणि लागतं तेव्हा उसनं मिळत नाही,
असं असेल तर घ्यायचं.

निघताना एक पत्र्याचा डबा दिसला,
मापाचा. लाल रंगात वाकडी अक्षरं :
'मूठभर कमी भरते.'
"दुरुस्त नाही केला?"
"कसा करू? सारे आचारी
वरून एक मूठ टाकता.
आता नीट केला
तं गावभर भात उरीन."

वर आले. लाइट आलेली.
लीलाधर एकोणीसवर उतरला होता, हिरमुसून.
मुबीना चारवरून अकरावर चढली होती,
त्यातलं एक त्याच्यासाठी, चित्रं लहान करणं,
तिनं ते आपल्याच अक्षरात लिहिलेलं.
पंचांग बाहेर. घड्याळ आत.
ईमेलवर अजून भांडण बाकी.

राहिली लांबी.
आमच्याच कच्च्या आवृत्तीत, घाईत मी लिहिलेली,
ती 'क्षितिज'चे सात सांगते.
तीन सांगायला हवे होते.
पण चोपड्याच्या पोरांनी पावत्यांचे रकाने
त्या सातवरच बेतलेत, डेअरीत रोज छापतात.

नवी लिहिली, नाव दिलं 'अक्षरं'. ती तीन सांगते.
जुनी काढली नाही.
तिच्या डोक्यावर एक ओळ घातली,
लाल रंग नव्हता, म्हणून नुसतीच :
जास्त मोजते. ठाऊक आहे. असू द्या.